'जपानी' या शब्दाचा बाजारभाव

या मालेत आपण एरवी वाडे, पेठा, तह आणि लढाया यांवर बोलतो. आज कपड्यांवर बोलायचं आहे, आणि तेही तरुणांच्या. विषय हलका वाटेल, पण त्याच्या मुळाशी वऱ्हाडातला कापूस आहे. तेव्हा जरा धीर धरा.

संध्याकाळी अप्पर इंदिरानगरकडून बिबवेवाडीत उतरणारी कॉलेजची मुलं-मुली बघा. खांद्याची शिवण दंडापर्यंत आलेला ढगळ टी-शर्ट, पाठीवर जपानी अक्षरं किंवा ॲनिमेतलं एखादं पात्र, खाली घोळदार पँट. घरातली मोठी माणसं विचारतात, "थोरल्या भावाचा घातलायस का रे?" हा माल येतो कुठून? थोडा कॅम्पातल्या फॅशन स्ट्रीटवरून, थोडा डेक्कनच्या हाँगकाँग लेनमधून, बराचसा मोबाइलवर मागवून. आणि मुलं अभिमानाने सांगतात, "ही जपानी स्टाइल आहे."

आम्हाला रस आहे तो या अभिमानात. कारण नव्वद वर्षांपूर्वी आपल्याकडे कापडाला 'जपानी' म्हणणं म्हणजे जवळजवळ नाव ठेवणंच होतं. स्वस्त, नकली, दोन धुण्यांत विटणारं. तरीही लोक ते घ्यायचे, कारण परवडायचं.

आता थोडं मागे जाऊ. १८९३ साली जपानच्या निप्पॉन युसेन कैशा या कंपनीने मुंबईपर्यंत आगबोटी सुरू केल्या. त्यामागे जमशेटजी टाटांचा पुढाकार होता. ब्रिटिश पी अँड ओ कंपनीने भाडी पाडून त्यांना हुसकवायचा प्रयत्न केला, पण जपानी बोटी टिकल्या. त्यांतून जायचं काय? मुख्यतः कापूस. आपल्याकडचा आखूड धाग्याचा कापूस जगाच्या बाजारात 'ऊमरा' नावाने विकला जाई. हे नाव उमरावतीचं, म्हणजे आपल्या अमरावतीचं. लँकेशायरला हा कापूस फारसा आवडत नसे. जपानी गिरण्यांनी मात्र निरनिराळे कापूस मिसळून सूत काढण्याचं तंत्र इतकं पक्कं केलं, की त्यांना तोच सोयीचा पडला. कापूस इथून जायचा आणि कापड होऊन इथे परत यायचा.

मग आली महामंदी. येनचा भाव उतरला, जपानी कापड आणखी स्वस्त झालं आणि मुंबईचे गिरणीमालक हवालदिल झाले. १९३३ मध्ये सरकारने ब्रिटनबाहेरच्या सुती कापडावर ७५ टक्के जकात बसवली. उत्तर म्हणून जपानी गिरण्यांनी आपल्या कापसावर बहिष्कार टाकला. इथे गंमत संपते, कारण गिरणीमालकाचं संरक्षण ते शेतकऱ्याचं मरण ठरू लागलं. स्वस्त लुगडं-धोतर शोधणारा गरीब तिसऱ्याच कोपऱ्यात उभा होता. स्वदेशीच्या भाषणांत या तिसऱ्याला फार जागा मिळाली नाही, असं आमचं मत आहे.

अखेर १९३४ चा करार झाला. जपानने वर्षाला १० लाख गाठी कापूस घ्यावा आणि त्या बदल्यात ३२.५ कोटी वार कापड भारतात आणावं. १५ लाख गाठी घेतल्या तर ४० कोटी वारांपर्यंत. म्हणजे अमरावतीच्या बाजारातली गाठ आणि लक्ष्मी रोडवरच्या ठाणातलं कापड एका कागदावर एकमेकांना बांधलं गेलं!

युद्धात हे सगळं मोडलं. त्यानंतरच्या जपानकडे बघा. १९६४ च्या उन्हाळ्यात टोकियोच्या गिंझा भागात मियुकी रस्त्यावर तरुण पोरं अमेरिकन कॉलेजकुमारांसारखे कपडे घालून नुसती उभी राहायची. ऑलिंपिक तोंडावर आलं होतं, पाहुण्यांसमोर शोभा नको, म्हणून पोलिसांनी त्यांची धरपकड केली. गुन्हा काय, तर कपडे! पुढे हाराजुकूत रविवारी रस्ते वाहनांना बंद होऊ लागले आणि तिथे मुलं भडक रंगांचे झगे घालून नाचू लागली. शोइची आओकी यांनी १९९७ पासून 'फ्रूट्स' मासिकात अशाच मुलांची छायाचित्रं छापली, आणि रस्त्यावरचा पोशाख जगभर पोचला.

डिझायनरांचा रस्ता वेगळा, पण फार लांबचा नाही. रेई कावाकुबो आणि योजी यामामोतो यांनी १९८१ मध्ये पॅरिसमध्ये आपले कपडे मांडले. काळे, ढगळ, अंगाच्या मापाला न जुमानणारे. पुढच्या एक-दोन वर्षांत तिथल्या समीक्षकांनी ते फाटके म्हणून हिणवले. थोरल्या भावाचा शर्ट म्हणणाऱ्या आपल्या काका-मामांनी हे जरूर लक्षात घ्यावं. आज मुलांच्या अंगावर जो ढगळपणा दिसतो, त्यातला बराचसा तिथून झिरपत आलेला आहे.

आणि एक धागा थेट आपल्याकडचा. इस्से मियाके यांच्या कंपनीत कापडाचं काम पाहणाऱ्या माकिको मिनागावा यांनी 'हाट' नावाची कपड्यांची मालिका काढली. हाट म्हणजे आपलाच, आठवडी बाजार. त्यातलं कितीतरी कापड आणि हातकाम भारतात होतं. टोकियोतल्या महागड्या दुकानावर आपल्या बाजाराचं नाव लागलं!

मग बिबवेवाडीतला पोरगा नकली जपानी घालतो, हे खरं का? टी-शर्ट बहुधा तिरुपूरचा, कापूस कदाचित विदर्भाचा, अक्षरं इंटरनेटवरून उचललेली. नकलीच म्हणायचं असेल तर म्हणा. पण मग गिंझातली ती पोरंही नकलीच होती, आणि आज अमेरिकेतली माणसं तसे कपडे घ्यायला जपानी दुकानं शोधतात. आम्हाला खटकतं ते दुसरंच. पाठीवरच्या अक्षरांचा अर्थ विचारणारी मुलं आता भेटतात, पुण्यात जपानी शिकणाऱ्यांची वाण नाही. कापसाचं गाव विचारणारं मात्र कोणी भेटत नाही, आणि लेबलावरही ते छापलेलं नसतं. १९३४ च्या करारात निदान गाठी मोजल्या तरी होत्या.

पुढच्या वेळी हाच काळ मुंबईच्या गिरणी कामगारांच्या बाजूने पाहू. आता प्रश्न घेऊ या.