ओल्या लाकडाच्या गाड्या

आमच्या घरी तीन पिढ्या बैलगाडीची चाकं झाली. बाभळीचा ओंडका आला की वडील तो वर्ष-दोन वर्षं सावलीत पडू देत. पेरणी तोंडावर आलेलं गिऱ्हाईक दारात बसून राही, चडफडे. वडील ऐकत नसत. ओल्या लाकडाचा तुंबा सुकला की आरे खिळखिळे होतात आणि धाव निसटते. त्यामुळे अमेरिकेतल्या मॉर्मन पंथाच्या हातगाड्यांची हकीकत मी वाचली ती सुताराच्या नजरेनं. पंथाचे लोक ती श्रद्धेच्या कसोटीची म्हणून सांगतात. मला तिच्यात आधी लाकूड दिसतं.

हा पंथ न्यूयॉर्क राज्यातल्या खेड्यात १८३० साली सुरू झाला. संस्थापक जोसेफ स्मिथ तेव्हा पंचविशीतही नव्हता. देवदूतानं दाखवलेल्या सोन्याच्या पत्र्यांवरून आपण ग्रंथ उतरवला, असं तो सांगे. ‘बुक ऑफ मॉर्मन’च्या पहिल्या पाच हजार प्रती छापायला मार्टिन हॅरिस नावाच्या शेतकऱ्यानं आपली जमीन गहाण टाकली. पुढची सोळा वर्षं म्हणजे बस्तान बसवायचं आणि उठवलं जायचं: ओहायो, मिझूरी, इलिनॉय. हे लोक एकगठ्ठा मतदान करत, जमिनी घेत, आणि नेत्यांच्या बहुपत्नीत्वाची कुजबुज असे; त्यामुळे शेजारी बिथरत. १८३८ मध्ये मिझूरीच्या गव्हर्नरनं यांना हुसकावा नाहीतर संपवा, असा लेखी हुकूमच काढला. १८४४ च्या जूनमध्ये कार्थेजच्या तुरुंगात घुसून जमावानं स्मिथला गोळ्या घातल्या.

मग ब्रिगहॅम यंग पुढे आला. हा पेशानं सुतार आणि रंगारी, हे मुद्दाम सांगतो. त्याच्या मागून निघालेली पहिली तुकडी जुलै १८४७ मध्ये सॉल्ट लेकच्या खोऱ्यात, म्हणजे आजच्या यूटात, पोचली. खोरं ओसाड होतं असं पुष्कळदा लिहिलं जातं. तिथे यूट आणि शोशोनी लोकांचा वावर होता, आणि पुढे त्यांनाच मागे हटावं लागलं. याच तुकडीनं वाटेत गाडीच्या चाकाला लाकडी दातेरी यंत्र बसवून रोजचे मैल मोजले. म्हणजे चाक कळणारी माणसं यांच्यात होती.

नंतर युरोपातून, मुख्यतः इंग्लंड-स्कॉटलंडच्या गिरण्या-खाणींमधून, गरीब भाविक येऊ लागले. पंथाच्या कर्जनिधीतून त्यांना बैलगाड्या मिळत. १८५५ साली यूटात टोळ आणि दुष्काळानं पीक गेलं, निधी आटला. यंगनं तोड काढली: बैल नकोत, माणसांनीच गाड्या ओढाव्यात. माणशी सतरा पौंड सामान, म्हणजे पावणेआठ किलो. त्यात अंथरूण आणि कपडेही आले. आयोवा सिटीपासून सॉल्ट लेक दोन हजार किलोमीटरांहून जास्त. कागदावर हिशेब चोख होता, आणि १८५६ च्या पहिल्या तीन तुकड्या खरोखर पोचल्याही.

मागून आलेल्या दोन तुकड्यांचं गणित फसलं. जहाजं उशिरा लागली, गाड्या तयार नव्हत्या. त्या तिथेच ठोकल्या, न सुकवलेल्या लाकडाच्या. जेम्स विली याच्या तुकडीत सुमारे पाचशे माणसं आणि एकशेवीस गाड्या. मैदानातल्या कोरड्या हवेत लाकूड आकसलं. आस लाकडाचा, तो ज्यात फिरतो तेही लाकूड, मधे बारीक वाळू: कानस लावल्यासारखं झिजत गेलं. वंगण नव्हतं. लोकांनी खायचं डुकराचं मांस आणि साबण आसाला फासला, बुटांचं कातडं गुंडाळलं. त्यावर वाटेतल्या फ्लॉरेन्स गावच्या मुक्कामाहून दर गाडीवर अठ्ठ्याण्णव पौंडांचं पिठाचं पोतं चढवलं. अशा गाडीवर एवढं ओझं घालणं म्हणजे मोडायलाच सांगणं.

फ्लॉरेन्सला ऑगस्टच्या मध्यात सभा झाली. पुढे जायचं की हिवाळा इथेच काढायचा? लीवाय सॅव्हेज नावाचा उपनायक थांबा म्हणाला. डोंगरात बर्फ गाठेल, म्हातारी आणि लेकरं मरतील. हा माणूस नुकताच कलकत्ता आणि ब्रह्मदेशातून धर्मप्रचार करून परतला होता. वरिष्ठांनी त्याला अश्रद्ध ठरवलं, हात वर झाले, निघायचं ठरलं. तरी तो सोबत गेला आणि शेवटपर्यंत राबला. या हकीकतीत माझा मान त्याला.

याच तुकडीत मुंबईत जन्मलेली एक बाई होती, एलिझाबेथ झेवियर टेट. १८५२ साली ह्यू फिंडले हा पंथाचा स्कॉटिश प्रचारक मुंबईत उतरला आणि तिथून पुण्यात गेला. छावणीच्या अधिकाऱ्यांचा विरोध असतानाही त्यानं लहानशी शाखा उभी केली; मराठ्यांना उद्देशून एक पुस्तिकाही काढली. तिचा फारसा परिणाम झाला नाही. जमले ते बहुतेक गोरे शिपाई आणि त्यांच्या घरचे. एलिझाबेथचा नवरा विल्यम टेट हा असाच स्कॉटिश शिपाई. तो आधी यूटाला गेला, ती मागून इंग्लंडमार्गे निघाली. तान्ही मुलगी तिनं या प्रवासात गमावली. मुंबईच्या हवेत वाढलेली ती बाई वायोमिंगच्या बर्फात चालत होती, हे वाचताना मी पुस्तक मिटून ठेवलं होतं.

सप्टेंबरमध्ये रानरेडे उधळले आणि तुकडीसोबतच्या सामानाच्या गाड्यांचे तीसेक बैल पळाले. पीठ पुन्हा हातगाड्यांवर आलं. १९ ऑक्टोबरला पीठ संपलं आणि त्याच दिवशी बर्फ सुरू झालं. रॉकी रिजचा चढ ओलांडल्यावर एका खड्ड्यात तेरा जणांना पुरलं. खड्डा खणणाऱ्यांपैकी दोघं लगेच गेले. मागच्या एडवर्ड मार्टिनच्या तुकडीत त्याहून जास्त माणसं गेली. दोन्ही मिळून दोनशेवर.

माणसं अजून वाटेत आहेत हे यंगला ऑक्टोबरच्या सुरुवातीला कळलं. त्यानं दुसऱ्या दिवशी भर सभेत प्रवचनं बाजूला सारून खेचरं, पीठ आणि गाडीवान मागितले. मदत गेली नसती तर फार थोडे वाचले असते, हे श्रेय त्याचंच. पण दोष ठरवताना त्यानं बोट दाखवलं ते हाताखालच्यांकडे. स्वस्तातली योजना त्याची होती. उशीर झाल्यास कुठे थांबायचं हे त्यात पक्कं लिहिलेलं नव्हतं. सुतारकीतून वर आलेल्या माणसाला ओलं लाकूड काय करतं हे सांगावं लागू नये.

हातगाड्या १८६० पर्यंत चालल्या. दहा तुकड्या, तीनेक हजार माणसं. १८६९ मध्ये रेल्वे येईपर्यंत यूटाला गेलेल्या साठ-सत्तर हजारांतला हा लहानसा भाग. १८६१ पासून पंथानं सॉल्ट लेकहूनच बैलगाड्या पूर्वेला पाठवून माणसं आणायला सुरुवात केली. हे पाच वर्षं आधी करता आलं असतं.