आडनावात उरलेले पद

मोर्शीला वर्गात हजेरी घेताना ‘देशमुख’ हे आडनाव आम्ही रोज उच्चारतो. मुळात ते नाव नव्हेच. ते पद आहे. परगण्याची वसुली आणि बंदोबस्त पाहणारा वतनदार तो देशमुख. परगण्याचा हिशेब ठेवणारा तो देशपांडे. म्हणूनच मराठा, ब्राह्मण, मुसलमान अशा भिन्न समाजांत हे एकच आडनाव आढळते.

इंग्रजीतील ‘स्टुअर्ट’ही याच जातकुळीचे. जुन्या इंग्रजीत ‘स्टिगवर्ड’ म्हणजे घरचा कारभारी. स्कॉटलंडमध्ये राजाचे कारभारीपद एका घराण्याकडे वंशपरंपरेने राहिले, त्याचेच आडनाव झाले आणि १३७१ साली त्या घराण्यातील दुसरा रॉबर्ट गादीवर बसला. कारभाऱ्याचे नाव राजवंशाला लाभले!

वऱ्हाडात उलट घडले. १८५३ च्या तहाने निजामाने हा प्रांत इंग्रजांच्या स्वाधीन केला. पुढे रयतवारी आली, सारा थेट शेतकऱ्याकडून घेतला जाऊ लागला. देशमुखाचे काम सरले, शब्द उरला. पापळच्या पंजाबराव देशमुखांचे मूळ आडनाव कदम. ते पदाखाली झाकले गेले. पण वसूल करणाऱ्याचे हे आडनाव घेऊन ते सारा भरणाऱ्यांच्या बाजूने उभे राहिले, त्यांच्या मुलांसाठी शिक्षणसंस्था काढली आणि १९५२ साली देशाचे कृषिमंत्री झाले.

सोयरीक जुळवताना ‘कोणते देशमुख?’ असे आजही विचारले जाते. आडनावात जात शोधणाऱ्यांच्या हाती तिथे फक्त एक जुने पद लागते, याची कबुली त्या प्रश्नातच आहे.