वाळूतून वाहणारे पाणी आणि दार्सीचा नियम

विज्ञानाच्या इतिहासात काही सिद्धांत असे आढळतात की, ज्यांचा जन्म एखाद्या साध्या नागरी गरजेतून झाला. फ्रान्समधील दीजों नगरीचा अभियंता आंरी दार्सी (१८०३–१८५८) याचा नियम त्यांपैकीच एक होय.

दीजोंमध्ये शुद्ध पाण्याचे दुर्भिक्ष होते. दार्सीने रोझ्वार येथील झऱ्याचे पाणी बारा किलोमीटरांहून अधिक लांबीच्या बंदिस्त कालव्याने १८४० मध्ये नगरात आणले आणि या कार्याचे मानधन नाकारले. पुढे प्रकृती ढासळल्यावर सक्रिय सेवेतून मुक्त होऊन तो संशोधनाकडे वळला. पाणी गाळण्यासाठी वाळूचा थर किती असावा, हा त्याच्यापुढील प्रश्न होता. १८५५ व १८५६ मध्ये दीजोंच्या रुग्णालयाच्या आवारात त्याने वाळूने भरलेल्या उभ्या नळकांड्यातून पाणी सोडून मोजमापे घेतली आणि १८५६ च्या आपल्या ग्रंथाच्या परिशिष्टात निष्कर्ष मांडला : झिरपणारे पाणी थराच्या क्षेत्रफळाच्या व दोन्ही टोकांकडील जलदाबाच्या फरकाच्या प्रमाणात वाढते, आणि थराच्या जाडीच्या व्यस्त प्रमाणात घटते.

द्रवगतीची समीकरणे नाव्हिए व स्टोक्स यांनी त्यापूर्वीच मांडली होती. परंतु वाळूच्या अगणित छिद्रांतील प्रत्येक प्रवाहाला ती लावणे अशक्यच होते. दार्सीने कणाकणाचा माग न काढता थराचा एकंदर स्वभाव मोजला. त्याचे मोठेपण यातच आहे.

या परिशिष्टाचे भवितव्य ग्रंथाहून थोर ठरले. विहिरींच्या पाण्याचा हिशेब, धरणाखालील पाझर, भूगर्भातील खनिज तेलाची हालचाल, या सर्वांचा पाया तोच नियम होय. १९३३ मध्ये तेलक्षेत्रातील संशोधकांनी खडकाच्या पारगम्यतेच्या एककास ‘दार्सी’ हेच नाव सुचविले.

मात्र नियमाला मर्यादाही आहेत. वेगवान प्रवाहास तो पुरत नाही. शिवाय आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणात पाणी मुख्यतः भेगांतून व झिजलेल्या थरांतून वाहते. म्हणून एका विहिरीला भरपूर पाणी, तर शेजारची कोरडी, असा अनुभव येतो. तेथे वाळूचा सरासरी हिशेब जसाच्या तसा लावून चालत नाही.

दार्सीने नियम दिला तो मोजून. आपणही आपल्या भूमीचा स्वभाव मोजूनच तो वापरला पाहिजे. तहानलेल्या गावाला चुकीच्या हिशेबाची किंमत फार मोठी पडते.