हरवलेली फाईल आणि रात्रीची वही

विंडोज एक्सपीतला तो पिवळा कुत्रा आठवतो का मंडळी? 'शोधा' म्हटलं की खिडकीच्या कोपऱ्यात येऊन बसायचा आणि शेपूट हलवत राहायचा. रोव्हर त्याचं नाव. हा मूळचा १९९५ च्या 'मायक्रोसॉफ्ट बॉब' नावाच्या प्रॉडक्टमधला. बॉब सपशेल आपटला, पण कुत्र्याला २००१ मध्ये एक्सपीत पुन्हा नोकरी लागली. कॉम्प्युटरवर फाईल शोधायला वेळ लागतो म्हटल्यावर बरेच जण पहिला उपाय म्हणून ह्या कुत्र्यालाच हाकलून द्यायचे. बिचारा! त्याचा काडीचाही संबंध नव्हता.

मग शोध एवढा रखडायचा का? 'डिस्क स्लो आहे' हे उत्तर अर्धंच खरं आहे.

आधी थोडा हिशोब करू (पाचवीच्या गणिताएवढाच, घाबरू नका). त्या काळातली चांगली हार्ड डिस्क मिनिटाला ७२०० फेरे मारायची, म्हणजे सेकंदाला १२०. एक फेरा साधारण ८.३ मिलिसेकंदांचा. हवी ती जागा डोक्याखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ४ मिलिसेकंद. त्याआधी डिस्कचा हात योग्य पट्ट्यावर सरकायला ९ एक मिलिसेकंद. झाले १३. म्हणजे इकडची तिकडची विखुरलेली माहिती वाचायची तर सेकंदाला ७५ ठिकाणं. बस्स, त्याहून जास्त नाही.

आता फाईल शोधायची जुनी पद्धत बघा. सत्तरच्या दशकातली युनिक्सची 'फाइंड' आज्ञा घ्या नाहीतर विंडोज ९५ चं 'फाइंड', दोघांचीही रीत एकच. फोल्डर उघडायचा, आतली नावं वाचायची, त्यात अजून फोल्डर दिसला की तो उघडायचा. पत्ता नसलेलं पत्र घेऊन पोस्टमन अख्ख्या गावात दारोदार फिरतोय असं समजा. दहा हजार फोल्डर असतील आणि प्रत्येकासाठी डिस्कचा हात एकदाच हलला, तरी दोन मिनिटं गेली. आणि नावात नाही तर मजकुरात शोधायचं असेल तर प्रत्येक फाईल उघडायची. एक लाख फाईली म्हणजे बावीस मिनिटं! एवढ्यात कुकरच्या शिट्ट्या होऊन वर वरणाला फोडणीसुद्धा बसते.

ह्यात भर घालणारी मंडळी वेगळीच. अँटीव्हायरस प्रत्येक उघडलेली फाईल आपणही वाचून बघणार. एक्सपी तर झिप फाईलीलाही फोल्डर समजून तिच्या पोटात शिरायचा. म्हणून झिपचा तो कप्पाच बंद करायची एक आज्ञा त्या दिवसांत आजीबाईच्या बटव्यासारखी सगळीकडे फिरत होती. आणि गंमत म्हणजे एवढं करूनही मजकुरातला शब्द सापडेलच असं नाही. ज्या प्रकारच्या फाईलीसाठी 'फिल्टर' नोंदवलेला नाही, तिच्या मजकुरात एक्सपी डोकावायचाच नाही. तसं सांगायचाही नाही. नुसतं 'काही सापडलं नाही' म्हणून मोकळा. उशीर परवडला, पण हे नको.

ह्यावरचा उपाय मात्र एक्सपीच्या अठरा वर्षं आधीच सापडलेला होता!

जेम्स वूड्स नावाचा प्रोग्रामर नासाच्या एम्स संशोधन केंद्रात कंत्राटी कंपनीतर्फे काम करत होता. १९८३ मध्ये युनिक्सवाल्यांच्या 'लॉगिन' ह्या पत्रिकेत त्याने एक छोटा लेख लिहिला, फाईली झटपट शोधण्याबद्दल. कल्पना अगदी सरळ. दारोदार फिरायचंच आहे ना? मग ते रात्री, सगळे झोपले असताना, एकदाच फिरा आणि सगळी नावं एका वहीत उतरवून ठेवा. दिवसा कोणी विचारलं की फक्त वही चाळा.

पण खरी मजा वही लहान कशी केली त्यात आहे. आपल्याकडे जुन्या जमाखर्चात वरच्या ओळीतलंच पुन्हा लिहायचं असेल तर 'कित्ता' लिहीत. वूड्सने नेमकं तेच केलं. नावं क्रमाने लावली की शेजारशेजारच्या दोन नावांची सुरुवात बहुतेक सारखीच असते. 'घर/कागद/वीजबिल-मार्च' नंतर 'घर/कागद/वीजबिल-मे' आलं, तर दुसऱ्या वेळी एवढंच लिहायचं की सुरुवातीची इतकी अक्षरं कित्ता, पुढे फक्त 'मे'. एवढ्यानेच वही चार-पाच पटींनी लहान झाली. वर नेहमी येणाऱ्या अक्षरजोड्यांना एकेक छोटी खूण दिली, त्यात आणखी वीस-पंचवीस टक्के वाचले. डिस्कवरच्या एकेका किलोबाइटसाठी भांडणं व्हायची त्या काळात ही फार मोठी गोष्ट. पुढे हीच युक्ती 'लोकेट' ह्या नावाने युनिक्स-लिनक्सवर रुळली.

वहीची अडचण एकच. दुपारी बनवलेली फाईल वहीत नाही, रात्रीनंतरच येणार. आणि घरचा पीसी रात्री चालू कोण ठेवणार? वीजबिल कोण भरणार? म्हणजे वही दिवसाच लिहायला हवी, मालक काम करत असताना. माझ्या मते पीसीवरच्या शोधाचा सगळा इतिहास ह्या एका भांडणाचा आहे: वही लिहायची कोणाच्या वेळात?

१९८९ मध्ये लोटसने डॉससाठी 'मॅगेलन' काढलं. ते फाईलींच्या मजकुराचीही वही ठेवायचं. चांगलं होतं, पण आज कोणाला आठवत नाही. ऑफिस ९५ आणि ९७ बरोबर 'फाइंड फास्ट' आलं. नाव फास्ट, पण काम करता करता अचानक डिस्क खडखडायला लागली की लोक ओळखायचे, आले महाराज वही लिहायला. त्याला स्टार्टअपमधून काढून टाकणं हा कॉम्प्युटर फास्ट करायचा हमखास उपाय होता. म्हणजे शोध वेगात व्हावा म्हणून ठेवलेला गडी कॉम्प्युटर स्लो करतो म्हणून घराबाहेर!

ह्या भांडणावरचं सगळ्यात देखणं उत्तर एका बुडालेल्या कंपनीने दिलं. बी नावाच्या कंपनीच्या 'बीओएस'साठी डॉमिनिक जियाम्पाओलो आणि सिरिल म्यूरियाँ ह्या दोघांनी नव्वदच्या दशकात जी फाईल सिस्टीम लिहिली, तिच्यात वही वेगळी नव्हतीच. फाईल लिहितानाच तिची नोंद व्हायची. रात्र नको आणि गडीही नको. कंपनीची मालमत्ता २००१ मध्ये पामने विकत घेतली. जियाम्पाओलो २००२ मध्ये अॅपलमध्ये गेला, आणि एप्रिल २००५ मध्ये मॅकच्या 'टायगर'बरोबर स्पॉटलाइट आलं. त्यामागे तोही होता. मायक्रोसॉफ्ट तेव्हा ह्याहून मोठं स्वप्न बघत होती: अख्खी डिस्कच डेटाबेस करायची, नाव 'विनएफएस'. २००३ मध्ये गाजावाजा, ऑगस्ट २००४ मध्ये लाँगहॉर्नमधून (म्हणजे पुढच्या व्हिस्टामधून) वगळलं, जून २००६ मध्ये गाशा गुंडाळला. मधल्या मधे ऑक्टोबर २००४ मध्ये गूगलने 'डेस्कटॉप सर्च' आणून हात मारला. तेही २०११ मध्ये बंद झालं. असो.

आणि मग २००८ च्या सुमारास डेव्हिड कार्पेंटर ह्या एका माणसाचा 'एव्हरीथिंग' नावाचा चिमुकला प्रोग्राम आला. इन्स्टॉल करायचा, नाव टाइप करायला लागायचं, आणि बोट उचलायच्या आत उत्तर. पहिल्यांदा बघणाऱ्याला ही हातचलाखीच वाटते!

ह्याने वही लिहिलीच नाही. ती आधीपासून होती! विंडोजच्या एनटीएफएस डिस्कवर 'मास्टर फाईल टेबल' नावाचा एक तक्ता असतो, पार १९९३ पासून. प्रत्येक फाईलीची त्यात साधारण १ किलोबाइटची नोंद, आणि नोंदी बऱ्याचशा एकापाठोपाठ. लाख फाईली म्हणजे १०० मेगाबाइट. सलग वाचायचं असेल तर तीच जुनी डिस्क सेकंदाला ५० मेगाबाइट सहज द्यायची. म्हणजे दोन सेकंद. विंडोज २००० पासून बदलांची रोजनिशीही डिस्कवरच आहे, तेवढी बघत राहिलं की झालं. गावचा मतदारयादीचा कागद चावडीवर लटकलेला असताना पोस्टमन पंधरा वर्षं दारं ठोठावत होता, असा हा प्रकार. अर्थात ह्या यादीत फक्त नावं. मजकुरासाठी वही लागतेच, म्हणून विंडोज १० मध्ये २०१९ पासून सगळ्या डिस्कची वही ठेवायचा 'एन्हान्स्ड' पर्याय आहे. मूळ सेटिंगमध्ये ठराविक फोल्डरच वहीत असतात. शोध रखडत असेल तर आधी तिथे बघा.

आता मराठी. कारण आपल्या फाईली ह्या सगळ्या वह्यांना वाचताच येत नव्हत्या.

आमचे एक काका निवृत्त शिक्षक. त्यांनी गावाचा इतिहास टाइप करून ठेवला होता, युनिकोडच्या आधीच्या एका फाँटमध्ये. ते गेल्यावर वर्षश्राद्धाला छोटी पुस्तिका छापायचं ठरलं. चुलतबहीण म्हणाली, "अरे, आजोबांच्या विहिरीचं प्रकरण त्यांनी मला वाचून दाखवलं होतं. पण दीडशे फाईली आहेत, नावं नुसती १, २, ३. कशात आहे कळेना." 'विहीर' शोधलं की उत्तर शून्य. कारण त्या फाँटमध्ये 'व' हा 'व' नसतोच. आत एखादं रोमन अक्षर असतं, फाँट त्यावर 'व'चा मुखवटा चढवतो. ज्याच्याकडे फाँट नाही त्याला सगळा कचरा दिसतो, वहीलाही तोच दिसतो.

"मग गेलं का रे ते?" तिने विचारलं.

म्हटलं, थांब ताई. कचऱ्यात कचराच शोधायचा. वर्डमध्ये तोच फाँट लावून शब्द टाइप केला, कॉपी करून शोधाच्या चौकटीत टाकला. तिथे काहीतरी अगम्य रोमन उमटलं, पण एक फाईल सापडली. एकच? काकांनी 'विहिरीला', 'विहिरीच्या' असंही लिहिलेलं असणार, आणि तिथे 'ही' ऱ्हस्व होतो! मग नुसतं 'विहि' टाकलं. अजून तीन आल्या. शेवटच्या फाईलीत अख्खं प्रकरण होतं.

युनिकोड आल्यावर हा मुखवट्यांचा खेळ संपला, पण सगळंच सरळ झालं असं नाही. 'दऱ्या'तला तो आडवा अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. एक नुक्ता असलेल्या ऱ पासून, दुसरा साध्या र ला हलन्त आणि एक अदृश्य जोडखूण लावून. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे दिसतात, पण साध्या शोधाला ते दोन वेगळे शब्द वाटतात. काकांच्या मजकुराचं युनिकोड करून झाल्यावर बहिणीने 'सातबाऱ्या' शोधलं तेव्हा निम्म्याच जागा सापडल्या. अर्धा मजकूर कन्व्हर्टरने बदललेला होता, अर्धा तिने हाताने टाइप केलेला. आता ती असा शब्द आला की दोन्ही प्रकारे शोधते. मी तिला दोन्ही रूपं एका टेक्स्ट फाईलीत लिहून दिली आहेत, कॉपी करायला.