‘थांब’ आणि ‘घे’ : एका प्रतीक्षेचा इतिहास

(१) कुत्र्याच्या पिलापुढे अन्नाची वाटी ठेवायची, ‘थांब’ म्हणायचे, आणि ‘घे’ म्हटल्याखेरीज त्याने वाटीला तोंड लावायचे नाही. आज हा धडा घरगुती शिस्तीचा वाटतो. युरोपात त्याचा माग काढत गेलो, तर आपण पक्षी धरण्याच्या जाळ्यापर्यंत जाऊन पोहोचतो. आजचा धागा त्या प्रवासाविषयी.

(२) १५७० साली लंडनमध्ये ‘दे कानिबुस ब्रितानिकिस’ हा लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध झाला. लेखक जॉन केयस हा राजवैद्य. स्विस निसर्गअभ्यासक कोनराड गेस्नर याच्यासाठी त्याने ब्रिटनमधील कुत्र्यांची ही माहिती लिहून काढली होती. १५७६ मध्ये एब्राहम फ्लेमिंगने तिचे इंग्रजी रूपांतर केले.

(३) या ग्रंथात ‘सेटर’ कुत्र्याचे वर्णन येते. तित्तिर वा लावा यांचा वास लागताच हा कुत्रा भुंकत नाही, झेपावत नाही. पोट जमिनीला टेकवून तो सरपटत पुढे जातो आणि पक्ष्यांच्या जवळ पोहोचताच निश्चल पडून राहतो. पक्षी नेमके कुठे आहेत, हे त्याच्या पंजावरून मालकाला कळते.

(४) मग शिकारी जाळे पसरतो. तोवर कुत्र्याने हलायचे नाही. जाळे सज्ज झाले की मालक ठरलेली खूण करतो, कुत्रा उठून पुढे सरकतो, पक्षी बिथरतात आणि जाळ्यात अडकतात. कुत्रा क्षणभर आधी उठला असता, तर पक्षी उडून गेले असते आणि सारी मेहनत वाया गेली असती. त्या काळच्या शिकाऱ्याला कुत्र्याच्या वेगाइतकेच त्याच्या थांबण्याचेही मोल होते.

(५) अठराव्या शतकात उडत्या पक्ष्यावर बंदूक चालवण्याची पद्धत इंग्लंडमध्ये रुळली आणि जाळे मागे पडले. थांबण्याची गरज मात्र उरली. पक्षी उडताच कुत्रा मागे धावला, तर उरलेला थवा उधळतो आणि कुत्रा स्वतः छर्‍यांच्या वाटेत येतो. साधन बदलले, तरी जुने कौशल्य नव्या कारणाने टिकून राहिले.

(६) हे कौशल्य रानातून घरात आणणारे एक महत्त्वाचे पुस्तक म्हणजे ब्रिटिश लष्करी अधिकारी डब्ल्यू. एन. हचिन्सन याचे १८४८ मधील ‘डॉग ब्रेकिंग’. ‘ब्रेकिंग’ या शब्दातच जनावराला नमवण्याचा, त्याची खोड मोडण्याचा भाव आहे. हचिन्सनने शिक्षा पूर्णपणे त्याज्य मानली नाही. परंतु त्याचा भर संयमावर, सातत्यावर आणि बक्षिसावर होता.

(७) त्याचा सल्ला असा की, आरंभीचे धडे घरातच द्यावेत. अन्न समोर असताना हात उंचावून ‘टोहो’ म्हणावे, म्हणजे थांब; आणि पुढे जाण्याची मुभा ‘ऑन’ या शब्दाने द्यावी. तित्तिराची जागा भाकरीच्या तुकड्याने घेतली. रानात चुकलेला धडा महागात पडे. घरात तोच धडा पुन्हा पुन्हा गिरवता येई.

(८) या इतिहासातला माझ्या मते कळीचा मुद्दा दुसऱ्या शब्दाचा आहे. ‘थांब’ हा हुकूम आहे, तर ‘घे’ हे वचन आहे. केयसच्या सेटरला खूण मिळणार याची खात्री होती, म्हणून तो दबा धरून राहिला. मुभा देणारा शब्द कधी आला, कधी आलाच नाही, तर पिलू स्वतःच्या मनाने उठू लागते; मग दोष त्याच्या हट्टाला दिला जातो. चारशे वर्षांहून जुन्या त्या वर्णनातही शिस्तीचे ओझे दोघांवर आहे : कुत्र्याने थांबायचे आणि माणसाने खूण विसरायची नाही.

(९) जुन्या युरोपीय शिकारचित्रांत आपली नजर धावणाऱ्या कुत्र्यांवर खिळते. पुढच्या वेळी कोपऱ्यात जमिनीला चिकटून पडलेला एखादा कुत्रा दिसतो का, तेही पाहा. दिसला, तर तो कशाची वाट पाहत आहे, हे आता तुम्हांला ठाऊक आहे.