तबकडी फुटू नये म्हणून

इंदूर, ग्वाल्हेर, बडोद्याकडच्या जुन्या मराठी घरांत माळ्यावरच्या ट्रंकेत अजूनही एखादी लाखेची तबकडी सापडते. तिच्यावर नाट्यपद असते आणि बहुधा कडेचा टवका उडालेला असतो. लाख जातीचीच ठिसूळ. तबकडी हातातून निसटली की गाणे संपले! या ठिसूळपणाशी झालेल्या झगड्यातून पदार्थविज्ञानाची एक महत्त्वाची शाखा निघाली. तिची ही हकीकत.

फोनोग्राफचे जनक थॉमस एडिसन यांनी १९१२ मध्ये लाखेऐवजी फिनॉल-फॉर्माल्डिहाइड राळेचा लेप दिलेली 'डायमंड डिस्क' बाजारात आणली. लिओ बेकलंड यांनी १९०७ मध्ये शोधलेल्या बेकेलाइटच्याच जातीची ही राळ. तापवली की तिचे रेणू चहूबाजूंनी जोडले जाऊन त्यांचे एकसंध जाळे होते. हे जाळे कठीण असते, उष्णताही सोसते, पण ठिसूळ. एकदा चीर पडली की ती न अडखळता पलीकडे पोचते. ती तबकडीही जवळजवळ ६ मिलिमीटर जाड होती.

एडिसन यांचे रसायनज्ञ जोनास एल्सवर्थ यांनी यावर उपाय सुचवला. राळेच्या मिश्रणात त्यांनी नैसर्गिक रबर आणि गंधक घातले. तापवल्यावर एकीकडे राळेचे जाळे बांधले जाते आणि दुसरीकडे गंधक रबराच्या साखळ्या एकमेकींना जखडतो. ही दुसरी युक्ती चार्ल्स गुडइयर यांची, १८३९ सालची. एल्सवर्थ यांना १९१४ मध्ये या मिश्रणाचे पेटंट मिळाले. दोनच वर्षांनी, १९१६ मध्ये, ते वारले.

या युक्तीचे मर्म असे. दोन प्लास्टिके नुसती वितळवून एकत्र केली, तर बहुधा ती तेल-पाण्यासारखी वेगळी होतात आणि वस्तू त्यांच्या सीमेवर तुटते. दोन जाळी एकमेकांत गुंतलेल्या अवस्थेत बांधली गेली, तर ती वेगळी होऊ पाहतात, पण फार दूर जाऊ शकत नाहीत. कठीण आणि मऊ भाग अतिशय बारीक प्रमाणात शेजारीशेजारी अडकून राहतात. चीर रबरापर्यंत आली की रबर ताणले जाते, तिचा जोर खाते आणि ती थबकते.

प्रमाण बदलले की गुणही बदलतात. कठीण प्लास्टिक जास्त असेल तर पदार्थ चिवट, आघात सोसणारा होतो. दोन्ही सारखी असतील तर चामड्यासारखा होतो, आणि रबर जास्त असेल तर बळकट रबर मिळते. काही मिश्रणे तापमानाच्या मोठ्या पट्ट्यात कंपने शोषून घेतात, म्हणून यंत्रांचा खडखडाट कमी करायला ती उपयोगी पडतात. कृत्रिम दातांच्या काही प्रकारांतही हेच तत्त्व आहे. उणीव एकच. ही जाळी पुन्हा वितळत नाहीत, त्यामुळे एकदा घडवलेली वस्तू नव्याने ओतता येत नाही.

या पदार्थांना 'इंटरपेनिट्रेटिंग पॉलिमर नेटवर्क', म्हणजे परस्परांत गुंतलेली बहुवारिक जाळी, हे नाव मिळाले ते १९६० मध्ये. पॉलिस्टायरीनच्या एका जाळ्यात दुसरे जाळे वाढवणारे जे. आर. मिलर यांनी ते दिले. पुढे अमेरिकेतील लीहाय विद्यापीठाचे प्राध्यापक एल. एच. स्पर्लिंग यांनी या विषयाचा इतिहास मांडला, तेव्हा पहिल्या मानकऱ्याचा मान एल्सवर्थ यांना दिला. पेटंट आणि नामकरण यांत ४६ वर्षांचे अंतर होते.

तबकडीवर नाव एडिसन यांचे होते आणि आजही लोकांना तेच आठवते. त्यांची थोरवी कमी नाही. पण राळ ढवळणारा, गंधकाचे प्रमाण ठरवणारा माणूस वेगळा होता, आणि आपण एका नव्या शाखेचा पाया घातला हे कळायला तो हयात नव्हता. आपल्या स्मरणिकेच्या शेवटच्या पानांवर कार्यकर्त्यांची यादी असते. बहुतेक वाचक ती ओलांडून पुढे जातात. यंदा ती नावे सावकाश वाचावीत, एवढीच विनंती.