सैरंध्री नावाचा पतंग

कार्ल लिनियस या स्वीडिश पंडिताच्या ‘सिस्टिमा नॅचुरी’ या ग्रंथाची दहावी आवृत्ती 1758 साली निघाली. तिच्यात अमेरिकेतील एका चिमुकल्या रंगीत पतंगास दोन नावे मिळाली. फिकट नमुन्यास लिनियसने ‘ऑर्नॅट्रिक्स’ म्हटले, गडद गुलाबी नमुन्यास ‘बेला’. बेला म्हणजे सुंदरी. ऑर्नॅट्रिक्स म्हणजे रोमन घरातील केशरचना करणारी दासी; तिला आमच्या भाषेत सैरंध्री हाच शब्द शोभतो. विराटाघरी द्रौपदीही या नावामागे ओळखू आली नव्हती, हे येथे सहज आठवते.

या पतंगाचेही तसेच झाले. 1819 मध्ये ह्यूब्नरने ‘युटेथिसा’ ही प्रजाती स्थापिली, तरी बेला आणि ऑर्नॅट्रिक्स या दोन निराळ्या जाती म्हणूनच ग्रंथांतून वावरत राहिल्या. 1960 साली विल्यम फोर्ब्ज यांनी त्या एक केल्या. गडद पतंग उत्तर अमेरिकेच्या पूर्वभागातला, फिकट पतंग दक्षिणेकडील उष्ण प्रदेशातला. भेद प्रदेशाचा होता, जातीचा नव्हे. दोनशे वर्षे रंगाने विद्वानांना चकविले. कोळी मात्र चकत नाही! खुळखुळ्याच्या वर्गातील झाडांतून अळीने घेतलेले विष पतंगाच्या अंगी उतरते, आणि जाळ्यात सापडलेल्या या पतंगास कोळी धागे तोडून सोडून देतो, असे टॉमस आयस्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले.

आमच्याकडे बोरूच्या शेतात दिवसाढवळ्या उडणारा, पांढऱ्या पंखांवर तांबडे व काळे ठिपके असलेला पतंग याच कुळातला. मुले त्यास फुलपाखरू म्हणतात. शृंगिकांच्या टोकास गाठ नाही, एवढे दाखविले की त्यांचे समाधान होते. पण पुढचा प्रश्न अवघड आहे. लिनियसने 1758 मध्येच नाव दिलेली ‘पुल्चेला’ आणि पुढे क्रामरने वर्णिलेली ‘लोट्रिक्स’, म्हणजे परटीण, या दोन्ही जाती भारतात आढळतात. दोहोंचे रूप इतके सारखे, की खात्रीसाठी नराच्या जननेंद्रियांची रचना तपासावी लागते. येथे लिनियसच्या उलट प्रकार आहे: तेथे दोन रूपांत एक जात होती, येथे एका रूपात दोन.

मराठीत या दोहोंस वेगळी नावे रूढ नाहीत. शेतकऱ्यास ओळख आहे ती बोरूच्या शेंगा पोखरणाऱ्या केसाळ अळीची. परिभाषा घडविणाऱ्यांनी ठिपक्यांवरून नाव ठेवले तर ते दोघींसही लागू पडेल, बोरूवरून ठेवले तरी तेच. शाळेच्या पेटीत टाचलेल्या पतंगाखाली, म्हणून, घाईने नाव लिहिण्याआधी गाव, तारीख आणि तो कोणत्या झाडावर सापडला एवढे लिहावे, असे आम्ही सुचवितो.